हुसेनबीच्या त्रेचाळीस पोरी

भवानी पेठेतल्या गल्ल्यांत सकाळी नऊच्या सुमाराला काठीची ठकठक ऐकू आली की मुली ओळखायच्या, हुसेनबी आली. काठी काही आधाराची नव्हती. पन्नाशी ओलांडलेली हुसेनबी विशीतल्या सुनांना मागे टाकील अशी चालायची. काठी होती ती दारं वाजवायला. आत माग चालू असला की बाहेरची हाक आत पोचत नाही, आणि माग चालू नाही असं घर त्या गल्ल्यांत शोधावं लागायचं.

ती म्युनिसिपालिटीच्या कन्याशाळेत मुली बोलावणारी बाई होती. अशीही एक नोकरी असते हे आज सांगून कुणाला पटणार नाही. पण एकोणीसशे बत्तीस सालच्या सोलापुरात विणकरांच्या घरची मुलगी सहसा आपण होऊन शाळेला निघत नसे. तिला कुणीतरी घरातून मागून न्यावं लागे आणि संध्याकाळी मोजून परत आणून सोडावं लागे. त्यासाठी शाळेला मास्तरीणबाईंच्या जोडीला ही एक बाई असायची. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. शाळेची झाडलोट, पाण्याचा माठ भरणं आणि दोन वेळची घंटा, हेही तिच्याच अंगावर.

हुसेनबीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. तिचा नवरा मौला टांगा हाकायचा. तो गेला तेव्हा पदरात एक मुलगी होती, सायराबानू. आईबरोबर ती याच शाळेत यायची, दुसरी झाली. मग चांगलं स्थळ आलं, जावई कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होता, आणि हुसेनबीनं बाराव्या वर्षी पोरीला उजवून टाकलं. दोन इयत्तांनी काय होतंय, असंच तिला तेव्हा वाटत होतं. सहा महिन्यांनी शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं. "अम्मा, मी बरी आहे. इथं पाणी लांबून आणावं लागतं. तू जेवतेस का." एवढंच. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण लेकीचं. हुसेनबीनं ते कार्ड त्या दिवशी चार वेळा वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुली गोळा करायला ती इरेला पेटली. जिच्या दारात उभी राहील तिची मुलगी घेतल्याशिवाय हलायची नाही.

आता विणकराच्या घरची अडचण सांगायला हवी, कारण सगळं त्यावर आहे. मागावर आडवं सूत लागतं ते कांडीवर भरलेलं लागतं. बाप मागावर, आई सुताला खळ लावायला नाहीतर स्वयंपाकाला, म्हणून रहाट फिरवून कांड्या भरायच्या त्या घरातल्या मुलीनं. दुपारच्या जेवणापर्यंत पुरतील एवढ्या कांड्या भरून झाल्या की मुलगी मोकळी, त्याआधी नाही. शाळेची घंटा अकराला. मोकळ्या होणाऱ्या मुली साडेअकरा, पावणेबाराला. हुसेनबी आपल्या दोन फेऱ्या करायची. पहिल्या फेरीत, ज्यांच्या घरी कांड्या भरायला आणखी कुणी होतं अशा, सत्तावीस-अठ्ठावीस मुली यायच्या. त्यांना शाळेत सोडून, घंटा देऊन, ती पुन्हा गल्लीत शिरायची आणि दुसऱ्या फेरीत पंधरा-सोळा आणायची. दुसऱ्या फेरीला वेळ लागायचा. का लागायचा, ते तिनं शाळेत कधी सांगितलं नव्हतं.

मास्तरीणबाई जगदेवीबाई अक्कलकोटकडच्या. शिकवायला हुशार, मुलींवर माया करणाऱ्या, पण नियमाचं नाव काढलं की त्यांची पाचावर धारण बसायची. त्यांची पहिली नोकरी खेड्यातल्या एका शाळेत होती. तिथल्या हेडमास्तरांनी पटावर खोट्या हजेऱ्या मांडल्या, पकडले गेले आणि घरी बसले. ते जगदेवीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांची हजेरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अकराला घंटा, अकरा दहापर्यंत हजेरी, मग पुस्तक कपाटात. त्यानंतर मुलगी आली तरी लाल शाईची फुली.

त्या वर्षी मंदी होती आणि म्युनिसिपालिटीच्या स्कूल बोर्डाला शाळा जड झाल्या होत्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक हुकूम आला. फेब्रुवारी महिन्याची सरासरी हजेरी चाळीस भरणार नाही त्या शाळा मार्चअखेर बंद करून मुली जवळच्या शाळेत घालाव्यात. जगदेवीबाईंनी हुसेनबीला हुकूम वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "आपली सरासरी सत्तावीस आहे."

हुसेनबी माठाशी उभी होती. "सत्तावीस कुटल्या, बाई? माज्या तर त्रेचाळीस पोरी हायत."

"अकराला सत्तावीसच असतात, हुसेनबी."

"आनि मागनं येत्यात त्या?"

"त्या गैरहजर."

हुसेनबीनं वर्गाकडे पाहिलं. गैरहजर मुली मोठ्यानं सातचा पाढा म्हणत होत्या.

"हितं बसल्यात की वो समोर," ती म्हणाली.

"बसल्यात. पण हजेरीनंतर आलेली मुलगी हजर मांडली तर ती खोटी हजेरी होते. मी ते करणार नाही. माझी शाळा गेली तरी करणार नाही."

हुसेनबीला राग आला, अगदी मस्तकात गेला. अकरा वर्षं तिला वाटत होतं की आपण आणलेली प्रत्येक पोर त्या पुस्तकात जाते. कपाटातलं ते पुस्तक ती रोज पदरानं पुसायची. त्यात आपल्या पंधरा पोरी रोज नाहीत म्हणून लिहिलेल्या आहेत, हे तिला आज कळत होतं. आणि जवळची शाळा म्हणजे गिरणीच्या रस्त्यापलीकडली. तिथं विणकराघरची एकही आई मुलीला धाडणार नव्हती, हे तिला कुणी सांगायला नको होतं. चारपाच बामणा-वाण्यांच्या मुली जातील, बाकीच्या रहाटाशी बसतील त्या लग्न होईपर्यंत. त्यांची कार्डं कुणालाच येणार नाहीत.

ती जगदेवीबाईंशी दोन दिवस बोलली नाही. माठ भरायची, घंटा द्यायची. तिसऱ्या दिवशी जगदेवीबाईच म्हणाल्या की सुपरवायझर अण्णाराव मंगळवारी तपासणीला येताहेत. ते अकराला येतात, मुली मोजतात, व्हिजिट बुकात शेरा लिहितात आणि साडेअकराला पुढच्या शाळेला जातात. त्यांच्याकडे चौदा शाळा. त्या दिवशी तरी अकराच्या आत सगळ्या मुली आल्या तर साहेबांना काही सांगता येईल.

"आनते की," हुसेनबी म्हणाली. बोलून तर बसली.

मंगळवार उजाडला तो संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर. यात्रेआधी मागावरची साडी उतरवायची घाई घरोघर होती, कांड्या एरवीपेक्षा जास्त लागत होत्या. हुसेनबी त्या दिवशी सहालाच गल्लीत शिरली. पहिल्या घरी बसली, दुसऱ्या घरी बसली, पण दोन हातांनी नऊ घरं कशी पुरी पडणार? दहा वाजता पहिल्या फेरीच्या अठ्ठावीस मुली तिनं वाटेला लावल्या, एका मोठ्या मुलीला घंटा द्यायला सांगितलं आणि स्वतः मागे राहिली. अकराची घंटा तिनं नरसम्माच्या उंबऱ्यावरून ऐकली.

तिकडे अण्णाराव वेळेवर आले. कोट, रुमाल, काखेत छत्री. त्यांनी अठ्ठावीस मुली मोजल्या, हजेरीचं पुस्तक मागून घेतलं आणि उभ्या उभ्या चाळायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची त्यांना सवय नव्हती.

"ही पोशम्मा कोण? वर्षात एकदाही हजर नाही. नुसत्या फुल्या. नाव कमी करा."

"साहेब, ती मुलगी..."

"नियम आहे. आणि हे काय? महिन्यातून एक दिवस बेचाळीस मुली आणि बाकीचे दिवस सत्तावीस? दर महिन्याला?"

"त्या दिवशी साहेब, अमावा..."

"कळलं. म्हणजे तुमची ती बोलावणारी बाई महिन्यातून एकच दिवस काम करते आणि उरलेले दिवस कुठेतरी गप्पा छाटत बसते. आहे कुठे ती?"

घंटा देणाऱ्या मुलीनं येऊन सांगितलं होतं, ते जगदेवीबाईंना सांगावंच लागलं. तिसरी गल्ली, नरसम्माचं घर. अण्णारावांनी पोशम्माचं नाव आणि बेचाळीसच्या दिवसांच्या तारखा आपल्या वहीत टिपून घेतल्या आणि छत्री उघडून उन्हात निघाले.

नरसम्माच्या उंबऱ्यावर बोर्डाची नोकर मांडी घालून रहाट फिरवत होती. शेजारी भरलेल्या कांड्यांची टोपली. आतून नवऱ्याच्या मागाचा खटखट आवाज. पाठीशी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी काखेत पाटी घेऊन भिंतीला टेकून उभी.

"शाळेच्या बोलावणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"व्हय जी," हुसेनबी मान वर न करता म्हणाली. "वाईच थांबा. तार तुटंल."

अण्णाराव थांबले. सुपरवायझर झाल्यापासून त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते थांबलेच. कांडी भरली तशी हुसेनबीनं वर पाहिलं. कोट दिसला, रुमाल दिसला, काखेतली वही दिसली. नोकरी गेली, शाळाही गेली, असं तिला स्वच्छ वाटलं. पण पुढची कांडी तिनं रहाटावर चढवलीच. आतला माग थांबला असता तर पोरगी पुन्हा रहाटाशी बसली असती.

"बोर्डाचा पगार घेऊन तुम्ही लोकांच्या कांड्या भरता?"

"भरते, साहेब," हुसेनबी म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी न्हाय भरली तर ही भरनार. ही हितं बसली तर शाळंला कोन यील?"

नरसम्मा खळीचे हात घेऊन बाहेर आली होती. तिचं मराठी तेलुगूच्या अंगानं जायचं, पण जे सांगायचं ते तिनं सांगितलं. "अक्का भरतंय म्हून पोर सोडतंय मी. न्हायतर सोडतच न्हाय."

"रोज?" अण्णाराव म्हणाले.

"रोज. ह्या घरी दोन कांड्या, पलीकडं चार. नऊ घरं हायत. निस्ती अमावास्या सोडून. अमावास्येला माग बंद असतुया, तवा समद्या पोरी अकराच्या आत येत्यात. ही येवडी न्हाय येत, त्या दिशी तिची आई तिला देवळाला नेतिया."

अण्णारावांनी वही उघडली. मागच्या गुरुवारी बेचाळीस मुली होत्या, आणि गुरुवारी अमावास्या होती, हे त्यांना घरच्या उपासावरून आठवत होतं. त्याआधीचा बेचाळीसचा दिवस त्याच्या बरोबर महिनाभर आधीचा. ते काही वेळ बोटानं ओळी चाळत राहिले. मग भिंतीशी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "नाव काय तुझं?"

"पोशम्मा," मुलगी म्हणाली.

त्यांनी वहीतलं नाव पाहिलं, मुलीकडे पाहिलं, तिच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर कालचा सातचा पाढा होता, शेवटच्या दोन ओळी पुसट झालेला. "हा कधी शिकलीस?"

"शाळेत," पोशी म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाला हे कसं ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलेलं दिसत होतं.

अण्णारावांनी पुढची शाळा त्या दिवशी सोडून दिली. ते हुसेनबीबरोबर उरलेली घरं फिरले. एका घरी ती चार कांड्या भरेपर्यंत ते ओट्यावर बसले. शेवटच्या घरी तर आईचे हात खळीत आणि लडी धरायला कुणी नव्हतं, तेव्हा हुसेनबीनं काही विचार न करता ती सुताची लडी साहेबांच्या दोन्ही मनगटांवर चढवली आणि भराभर रहाट फिरवू लागली. आपण कुणाच्या हातात काय दिलं, हे तिच्या ध्यानात आलं तोवर अर्धी लडी सुटली होती. साहेब हात पुढे करून उभे होते. छत्री काखेत.

"हात जरा वर धरा," ती म्हणाली. धरले त्यांनी.

बाराला दहा कमी असताना पंधरा मुली शाळेच्या दारात आल्या. साहेब पुढे, हुसेनबी मागे. जगदेवीबाई खडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अण्णारावांनी मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्रेचाळीस.

"यांना तुम्ही गैरहजर मांडता?"

"नियम आहे, साहेब," जगदेवीबाई म्हणाल्या.

"आहे," अण्णाराव म्हणाले. "तुम्ही बरोबर मांडलंत. पण शाळा किती वाजता भरवायची याचाही नियम आहे. बोर्डाच्या मंजुरीनं ती वेळ बदलता येते. तुम्ही कधी मागितलीत?"

जगदेवीबाईंनी मान हलवली. त्यांनी मागितली नव्हती. त्यांच्या आधीच्या बाईंनी मागितली नव्हती. आणि हुसेनबीला, जिला सगळं ठाऊक होतं, कुणी विचारलंच नव्हतं. चौदा शाळांचा कारभार असा चालला होता आणि कुणाचंही काही चुकलं नव्हतं, हीच त्यातली चीड आणणारी गोष्ट.

अण्णाराव खुर्चीवर बसले आणि व्हिजिट बुकात बराच वेळ लिहीत राहिले. ते गेल्यावर हुसेनबीनं शेरा वाचून घेतला. मागाच्या घरच्या मुलींची सोय पाहता ही शाळा पाच वाजेपर्यंत राहील अशा बेतानं दुपारी बाराला भरवावी आणि हजेरी तेव्हा घ्यावी, अशी शिफारस होती. पोशम्मा या मुलीचं नाव कमी करू नये. बोलावणाऱ्या बाई आपलं काम करतात. शेवटची ओळ हुसेनबीनं दोनदा वाचायला लावली.

"आनि लडीचं?" तिनं भीत भीत विचारलं.

"लडीचं काही लिहिलेलं नाही," जगदेवीबाई म्हणाल्या, आणि हुकूम आल्यापासून पहिल्यांदा दोघी हसल्या.

शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. अठरा दिवस काहीच आलं नाही. फेब्रुवारी एका दिवसावर आला. हुसेनबी रोज टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभी राहायची, आणि तो कुर्डुवाडीचं कार्ड देऊन पुढे गेला तर, लेकीची क्षमा मागून, थोडी खट्टू व्हायची. शनिवारी शाळा सुटताना बोर्डाचा शिपाई आला. एक तारखेपासून वेळेत बदल मंजूर. जगदेवीबाईंनी कागद वाचला आणि पदरानं डोळे पुसले. हुसेनबी माठाशी मटकन खाली बसली.

फेब्रुवारीची सरासरी एक्केचाळीस भरली. मार्च आला आणि गेला, शाळा जागच्या जागी राहिली. हुसेनबी कांड्या भरायची थांबली नाही, पण आता चार घरीच बसावं लागायचं. हे सगळं खरं. पण पुढे म्हातारपणी कुर्डुवाडीला लेकीच्या घरी राहायला गेल्यावर तिला कुणी शाळेचं विचारलं, तर ती सरासरीचं नाव काढायची नाही. ती सांगायची एक तारखेच्या सोमवारचं.

त्या दिवशी बाराची घंटा तिनंच दिली. मुली रांगेनं बसल्या. जगदेवीबाईंनी पुस्तक उघडलं आणि नावं घ्यायला लागल्या. हजर, हजर, हजर. हुसेनबी दाराशी उभी राहून बोटं मिटत होती. सोळा, सतरा, अठरा. मग बाईंनी पुकारलं, "पोशम्मा."

पोशी दुसऱ्या रांगेत बसून इकडे तिकडे बघत होती. एवढ्या दिवसांत या पुस्तकातून तिचं नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ते घेतलं जायचं तेव्हा ती रहाटाशी असायची. नाव घेतल्यावर काही म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"पोशम्मा," बाई पुन्हा म्हणाल्या.

"हाय की, बाई," हुसेनबी दारातून आपल्या त्या गल्लीभर पोचणाऱ्या आवाजात म्हणाली. "हजर हाय. रोजच व्हती."

जगदेवीबाईंनी काळ्या शाईत टाक बुडवला आणि पोशीच्या नावापुढे हजेरी मांडली.